दहा लाखांची लेन्स संध्याकाळची किती मिनिटं जास्त देते?

जानेवारीतली गोष्ट आहे. भाच्यानं दिवाळीत १५०-६०० मिलीमीटरची, लांबचं जवळ दाखवणारी झूम लेन्स घेतली, हप्त्यावर, आणि एका रविवारी मला मागं बसवून बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात घेऊन गेला. भात कधीच निघालेलं, बांधावर बगळे, मागं राजहंसगड. दुपारी चारला काढलेले फोटो बघून पोरगा जाम खुश, बगळ्याच्या चोचीतला किडासुद्धा मोजता येत होता. साडेसहाला तोच बांध, तसाच बगळा, तीच लेन्स, आणि फोटोत काय तर पांढरा डाग, डोळा कुठं आहे ते शोधावं लागतंय, मागची झुडपं नुसती रव्यासारखी दाणेदार.

"मामा, पीस खराब आलाय की ओ. दुकानदारानं गंडवलं."

तेवढ्यात सायकलवरून एक काका चालले होते, ते थांबले. "काय बघायलासा ओ मगाधरनं?" भाच्यानं वैतागून सांगितलं की लेन्स स्लो आहे म्हणून संध्याकाळी फोटो येईना झालेत. काका म्हणाले, "मग जरा लवकर यायचं की!" आणि गेले.

आम्ही हसलो. पण खरं सांगू, काकांनी एका वाक्यात निकाल लावला होता आणि खाली जे पुराण लिहिलंय ते फक्त त्याचा हिशोब आहे.

स्लो म्हणजे नेमकं काय स्लो?

पहिला घोटाळा इथंच होतो. स्लो म्हटलं की लोकांना वाटतं फोकस सावकाश लागतोय, किंवा मोटर मंद आहे. तसं नाही. स्लो लेन्स म्हणजे जिच्यातून उजेड कमी येतो, त्यामुळं कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. सावकाश होतंय ते शटर, बदनाम होतेय लेन्स.

लेन्सच्या तोंडाशी बारीक अक्षरात एक आकडा असतोय, भाच्याच्या लेन्सवर १:५-६.३ असं आहे. हा एफ नंबर. आकडा लहान तेवढा उजेड जास्त, मोठा तेवढा कमी, उलटं गणित आहे, सुरुवातीला सगळ्यांचंच डोकं फिरतं. लेन्सची लांबी, म्हणजे तो ६०० मिलीमीटरचा आकडा, भागिले उजेड आत यायच्या भोकाची रुंदी, म्हणजे एफ नंबर. म्हणजे ६०० ला एफ ६.३ हवं असेल तर भोक साधारण ९५ मिलीमीटर. एफ ४ हवं असेल तर १५०. दीडशे मिलीमीटर म्हणजे वाटी नव्हे, चांगली ताटली झाली, आणि तेवढ्या रुंदीची काच घासून एकावर एक बसवायची म्हणजे तीन किलो वजन आणि दहा लाखांच्या पुढं किंमत. भाच्याची दोन किलोच्या आसपास आणि लाखाच्या आसपास. फरक सगळा त्या भोकाचा.

आता लांबीनं भाग का द्यायचा? त्यासाठी आपले मांडे आठवा. आचारी एक गोळा घेतो, हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवतो आणि पालथ्या खापरावर टाकतो. पीठ तेवढंच, पण जेवढा पसरवाल तेवढा पातळ. लेन्सचं तसंच. भोकातून आलेला उजेड म्हणजे गोळा, आणि झूम करणं म्हणजे तो ताणणं. १५० वर बगळा एवढासा दिसतोय पण उजेड दाट असतोय, ६०० वर तोच बगळा चौपट लांबरुंद झाला की उजेड पातळ होणारच, तो दाट ठेवायचा तर गोळाच मोठा घ्यायला पाहिजे. एफ नंबर म्हणजे हा पातळपणा, दुसरं काही नाही. झूम करत गेलं की ५ चं ५.६ आणि मग ६.३ होतंय ते म्हणूनच, भोक वाढतं पण ताणाच्या मानानं वाढत नाही. अशा बऱ्याच लेन्सा चारशेच्या आसपास पोचल्या की ६.३ वर जातात, सहाशेची वाट बघत नाहीत. तीनशेवर थांबलात तर ५.६ मिळतंय, हे लक्षात असू द्या.

अजून एकच शब्द, स्टॉप. उजेड दुप्पट किंवा निम्मा झाला की एक स्टॉप. एफ ४ आणि एफ ६.३ मध्ये सव्वा-दीड स्टॉपचा फरक, म्हणजे एफ ४ मधून साधारण अडीचपट उजेड येतो.

अडीचपट म्हणजे खूपच झालं की!

ऐकायला होय. पण संध्याकाळ किती वेगानं उतरते ते बघा.

उजेडाचं माप लक्स. भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात. आकाश स्वच्छ असेल तर सूर्य बुडताना राहतात चारशेच्या आसपास. आणि सूर्य क्षितिजाच्या ६ अंश खाली गेला, म्हणजे दिवेलागण होऊन गेली, की राहतात साडेतीन. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, १६ अंशांच्या जवळ, त्यामुळं सूर्य आपल्याकडं जवळजवळ सरळ खाली उतरतोय, विलायतेत तासभर रेंगाळतो तसा रेंगाळत नाही. हे ६ अंश जायला बेळगावात २२ ते २४ मिनिटं लागतात.

आता निम्मं निम्मं करत चला. ४००, २००, १००, ५०, २५, १२, ६, ३. सात वेळा निम्मं झालं, तेवीस मिनिटांत. म्हणजे सूर्य बुडाल्यावर दर तीन-सव्वातीन मिनिटांनी उजेड निम्मा होतोय. एक स्टॉप म्हणजे तीन मिनिटं!

मग एफ ४ ची ती तीन किलोची लेन्स एफ ६.३ पेक्षा किती जास्त वेळ चालेल? चार मिनिटं, फार तर साडेचार. ६ वाजून २० ला सूर्य बुडाला आणि तुमची लेन्स ६ वाजून ३० ला हात टेकत असेल, तर शेजारच्याची दहा लाखवाली ६ वाजून ३४ ला टेकते. त्यानंतर दोघंही एकाच चहाच्या गाड्यावर.

मी हे भाच्याला कागदावर करून दाखवलं तेव्हा त्यानं दोनदा कॅल्क्युलेटरवर तपासलं. सूर्य बुडायच्या आधीचा उतार मात्र सावकाश असतोय, तिथं एक स्टॉप पाच-सहा मिनिटं टिकतोय, म्हणून काकांचं "लवकर यायचं की" खरं. वीस मिनिटं आधी पोचणं हे कुठल्याही लेन्सपेक्षा जास्त उजेड देतंय, आणि फुकटात.

पण आयएसओ वाढवला की दाणे येतात त्याचं काय?

आयएसओ म्हणजे कॅमेरा आलेल्या उजेडाला आतून किती फुगवतोय तो आकडा. लोक आयएसओला घाबरतात, "आठशेच्या वर जाऊ नको" असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतंय, आणि मग आठशेवर अडून बसून शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर आणतात, फोटो हलतो.

दाणे आयएसओमुळं येत नाहीत, उजेड कमी असल्यामुळं येतात. जुलैत अंगणात शेजारी शेजारी दोन वाट्या ठेवा. आपल्याकडचा मुसळधार पाऊस असेल आणि प्रत्येकीत सरासरी ९०० थेंब पडत असतील तर तीसेक इकडं, तीसेक तिकडं, डोळ्याला दोन्ही सारख्याच भरलेल्या दिसतात. पण भुरभुर असेल, सरासरी ९ थेंब, तर एकीत ६ आणि दुसरीत १२ असं सहज होतंय. कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा तुकडा म्हणजे सेन्सर, त्याच्यावर अशा कोट्यवधी वाट्या आहेत. उजेड कमी म्हणजे भुरभुर, मग शेजारच्या दोन ठिपक्यांत एक उजळ एक काळा, हेच ते दाणे. आयएसओ फक्त ते मोठं करून दाखवतोय, लाऊडस्पीकरसारखं. भजनीबुवांचा घसा बसलेला असेल तर माईकवाल्याला शिव्या देऊन काय उपयोग?

त्यामुळं आयएसओ कमी ठेवून काळा फोटो काढायचा आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर उजळायचा, यानं काही वाचत नाही. वाट्यांत थेंब तेवढेच पडलेले असतात, उलट जुन्या कॅमेऱ्यात दाणे अजून वाईट दिसतात. ३२००, ६४०० बिनधास्त लावा, फोटो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं न दाबलेल्या मूळ फाईलमध्ये घ्या, आणि मग दाणे घालवायची जी सॉफ्टवेअरं आहेत ती वापरा. अलीकडं ती इतकी सुधारलीत की स्टॉप-दोन स्टॉपची भरपाई आरामात होते. दाणेदार फोटो साफ होतोय. हललेला फोटो कुणाच्या बापाच्यानं साफ होत नाही.

स्टॅबिलायझर आहे की लेन्समध्ये, मग काय काळजी?

लेन्सच्या आत एक काच हलून तुमच्या हाताचा कंप खाते, तो स्टॅबिलायझर. जुना नियम असा की ६०० ची लेन्स हातात धरायची तर शटर निदान सेकंदाचा सहाशेवा भाग पाहिजे, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला नऊशेवा. चार स्टॉपचा स्टॅबिलायझर असला की सहाशेचं चाळीसवर येतंय. मोठी गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही.

पण तो तुमचा हात धरतोय, बगळ्याची मान नाही. बगळा तळ्याकाठी पुतळ्यासारखा उभा असेल तर साठाव्या भागात सुद्धा सुरेख फोटो येतोय, सलग दहा-पंधरा दाबायचे, त्यात एकदोन काचेसारखे निघतात. उडाला की खेळ संपला. पंखाची टोकं गोठवायला हजारावा भाग तरी पाहिजेच, जास्तच.

आकड्यांत सांगतो, ढोबळ आहेत. सूर्य बुडताना, एफ ६.३, आयएसओ ६४००, शटर मिळतंय साधारण अडीचशेवा भाग. बसलेल्या पक्ष्याला भरपूर झालं. तीन मिनिटांनी सव्वाशे. सहा मिनिटांनी साठ. दहा मिनिटांनी तीस, इथं मी तरी थांबतो. आणि दिवेलागणीनंतर अर्धा सेकंद, त्यात फक्त राजहंसगडावरचा शिवरायांचा पुतळा नीट येईल, तोही ट्रायपॉडवर. उडत्या बगळ्यांचं दुकान या लेन्सवर सूर्य बुडायच्या आधीच बंद करायचं, हा व्यवहार एकदा मान्य केला की डोक्याचा ताप जातो.

मग लग्नवाल्यांकडची २.८ ची लेन्स बरी नाही का?

हा प्रश्न भाच्याच्या मित्रानं विचारला, तो लग्नाच्या ऑर्डरी करतो, त्याच्याकडं ७०-२०० एफ २.८ आहे. तो म्हणाला, माझी लेन्स पाचपट उजेड देते, मी फोटो काढतो आणि नंतर कापून मोठा करतो.

मंगल कार्यालयात त्याचं शंभर टक्के खरं. नवरीच्या जवळ जाता येतंय. बगळा जवळ येऊ देत नाही.

इथं परत भोकाकडं बघा. २०० भागिले २.८, भोक ७१ मिलीमीटर. आणि भाच्याच्या स्लो लेन्सचं? ९५. दोघंही एकाच बांधावर उभे, पक्षी तेवढाच लांब, शटर सारखंच, तर पक्ष्याच्या अंगावरून निघालेला जास्त उजेड कुणी पकडला? ९५ वाल्यानं, जवळजवळ पावणेदोनपट. ७०-२०० चा मांडा दाट असतोय कबूल, पण त्यात पक्ष्याच्या वाट्याला येतो तो एक तुकडाच, आणि तो तुकडा कापून ताणला की तोही पातळच होतोय. मित्राला हे पटेना, म्हणून दोघांनी एकाच वेळी एकाच खंड्याचा फोटो काढला आणि कापून शेजारी शेजारी ठेवले. स्लो लेन्समध्ये चोचीवरची रेघ दिसत होती, फास्टमध्ये चोच दिसत होती एवढंच. तेव्हापासून तो त्या विषयावर बोलत नाही.

म्हणून फास्ट-स्लो हा शब्द ऐकून लगेच दबून जायचं कारण नाही. लांबच्या पक्ष्यासाठी काचेची रुंदी बघा.

एक मात्र सांगतो, लेन्सच्या मागं टेलिकन्व्हर्टर लावून ६०० चे ८४० करायचा मोह संध्याकाळी आवरा. १.४ चा एक स्टॉप खातो, २ चा दोन. म्हणजे तीन मिनिटं आणि सहा मिनिटं.

फोकसच लागत नाही, घरघर करत मागंपुढं जातोय

हा खरा त्रास, आणि इथं स्लो लेन्सला थोडा दोष द्यायलाच पाहिजे. ऑटोफोकसलाही उजेड लागतो. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांत, म्हणजे डीएसएलआरमध्ये, कित्येकांचा ऑटोफोकस एफ ५.६ पर्यंतच नीट चालायचा असा हिशोब होता, ६.३ ला तो कसाबसा ओढून न्यायचा, आणि डोळ्याला खिडकीतून दिसायचं तेही अंधारलेलं. नवीन मिररलेस कॅमेरे एफ ११ लाही फोकस करतात, त्यांची ही अडचण बरीच कमी झालीय, पण अंधार तो अंधार.

मी करतो ते असं. फोकसचा फक्त मधला ठिपका ठेवायचा. तो पक्ष्याच्या पोटावर न धरता कडेवर धरायचा, जिथं पांढरं आणि काळं भेटतंय तिथं, कारण सपाट पांढऱ्यात कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाही. लेन्सवर अंतर मर्यादेचं एक बटण असतंय, ते लांबवर टाकलं की लेन्स पायाजवळच्या गवतापासून शोधायला सुरू करत नाही. आणि उजेड आहे तोवरच बगळे रोज ज्या बाभळीवर मुक्कामाला येतात तिथं फोकस लावून ठेवायचा. जानेवारीत त्या वेळी दव पडायला लागलेलं असतंय, झूमची रिंग हाताला गार आणि ओलसर लागते, पुढची काच एकदा फडक्यानं बघून घ्या. आम्ही एकदा वीस मिनिटं फोकसला शिव्या दिल्या आणि काचेवर दव होतं.

मोबाईलमध्ये तर रात्रीसुद्धा झकास येतोय!

येतोय की. पण तो रुंद देखावा असतो, आणि मोबाईल एक फोटो काढत नाही, भराभर अनेक काढून एकावर एक ठेवतो. बेळगावच्या खडे बाजाराच्या स्थिर देखाव्यासाठी चालतं. त्याच्या मुख्य लेन्सचं भोक चारेक मिलीमीटरचं. लांबच्या बगळ्याला झूम करून बघा, पिसं दिसतील ती निम्मी मोबाईलनं मनानं काढलेली असतात.

मग दहा लाखवाले येडे आहेत काय?

नाही. मी चार मिनिटांचा हिशोब केला तो उघड्या शिवाराचा, स्वच्छ आकाशाचा. जांबोटी, कणकुंबीकडं झाडीत चला, तिथं भर दुपारी सुद्धा खाली सावलीच असते. पावसाळ्यात तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच करडा उजेड. तिथं उजेड तीन मिनिटांनी निम्मा होत नाही, तो आधीच कमी आहे आणि तासन् तास तसाच राहतोय. धनेश फांदीवर बसलाय, गवा झाडीतून बाहेर येऊन उभा राहिलाय, आणि अडीचपट उजेड तुम्हाला दिवसभर मिळतोय. ते काम ज्यांचं पोटापाण्याचं आहे त्यांनी तीन किलो जरूर उचलावेत. मागचं सगळं लोण्यासारखं धूसर होतंय तेही त्या मोठ्या भोकामुळंच, ६.३ ला तेवढं होत नाही.

त्यालाही दुसरी बाजू आहे. ६०० वर, १५ मीटरवरच्या पक्ष्याला एफ ४ लावलं तर फोकसमध्ये येणारी जागा जेमतेम १५ सेंटीमीटर, वीतभरही नाही. ६.३ ला वीतभरापेक्षा जरा जास्त. दोन बगळे मागंपुढं बसले तर एफ ४ वालाही आकडा वाढवून ६.३ वरच येणार, आपल्या शेजारी.

सूर्य बुडाल्यावर बॅग भरायची काय?

लगेच नको. पश्चिमेचं आकाश जमिनीपेक्षा कितीतरी उजळ असतंय, अजून दहा-बारा मिनिटं. कॅमेऱ्याला उजेड आकाशावर मोजायला लावा, पक्ष्याचा नुसता काळा आकार येऊ दे, शटरला परत जीव येतो. ऊस भरलेला ट्रॅक्टर, त्यामागून उडणारे बगळे, बाभळीचा शेंडा, हे सगळं त्या पिवळ्यावर काळं चांगलं दिसतंय आणि त्याला एफ ६.३ पुरून उरतंय.

आणि चंद्र. त्याच्यावर तर उन्हच पडलेलं असतंय, त्यामुळं जरा वर आला की एफ ८, अडीचशेवा भाग, आयएसओ २०० एवढ्यात येतो, स्लो लेन्सचं काही अडत नाही. ६०० वर मोठ्या सेन्सरच्या फोटोत चंद्र उंचीच्या पावभागाएवढा भरतो. पौर्णिमेला तो सूर्य बुडताना उगवतो, म्हणून आदल्या दिवशी जायचं, तेव्हा पाऊण तास आधीच वर आलेला असतो आणि गडावरही थोडा उजेड शिल्लक असतो. फक्त गडाच्या मावळतीच्या अंगाला उभं राहायचं.

हे सगळं गणित करून मागच्या चतुर्दशीला आम्ही साडेपाचलाच जाऊन उभे राहिलो. कुणीतरी उसाचा पाला पेटवलेला, सगळा धूर गडाच्या बाजूला, चंद्र दिसला तो पावणेसातला, तांबडा आणि मळकट. भाचा म्हणाला, "मामा, धुराला किती स्टॉप धरायचे?"